प्रोस्टेटचा कॅन्सर: तारीख घेण्याआधी आणि नळी निघाल्यावर

या महिन्यात तीन पत्रं प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरची आली, म्हणून सगळं पान त्यालाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी: पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या युरॉलॉजी वॉर्डात मी २९ वर्षं सिस्टर होते, शेवटची ११ वर्षं इन्चार्ज. औषध लिहून देणं हे डॉक्टरांचं काम, ते मी करणार नाही. कॉटपाशी उभं राहून जे दिसलं आणि या माणसांकडून जे शिकले, ते सांगते. नावं गाळली आहेत.

प्रश्न: वय ६६, बँकेतून निवृत्त, कोथरूडला राहतो. रोज सकाळी एआरएआयच्या टेकडीवर जातो. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी) ७.८ आला. एमआरआय झाला, बायप्सीत १२ पैकी ३ तुकड्यांत कॅन्सर, ग्लीसन ३+४=७. पीएसएमए पेट स्कॅनमध्ये (अंगभर हा कॅन्सर शोधणारा स्कॅन) बाहेर कुठे पसरलेलं नाही. एका सर्जननी रोबोटिक ऑपरेशन सांगून पुढच्या गुरुवारची तारीख दिली. दुसरे डॉक्टर म्हणतात रेडिएशनची २० सिटिंग घ्या. मुलगा बंगळुरूहून सांगतो रोबोटिकच करा. मेहुणे म्हणतात, सुरी लागली की कॅन्सर पसरतो, काढा घ्या. बायप्सीला १२ दिवस झालेत. रात्र रात्र झोप नाही. काय करू?

काका, (वॉर्डातली सवय, राग मानू नका) आधी तो गुरुवार बाजूला ठेवू. बायप्सीच्या सुया टोचल्यावर आत सूज आणि रक्त साकळलेलं असतं. ते निवळावं म्हणून बरेच सर्जन आपणहून चार ते सहा आठवडे थांबतात. तुमच्या रिपोर्टातला आजार आठवड्याभरात हातचा जाणाऱ्यांतला नाही. गुरुवारची तारीख बहुधा थिएटर रिकामं होतं म्हणून मिळाली असेल. फोन करून 'मला तीन आठवडे विचार करायचाय' एवढं सांगा. चांगला सर्जन त्यावर रागावत नाही.

आता तो ३+४. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची ठेवण बघून तिला आकडा देतात. ३ म्हणजे बऱ्यापैकी शिस्तीतल्या पेशी, ५ म्हणजे पार विस्कटलेल्या. जी ठेवण जास्त दिसते तिचा आकडा आधी, दुसरीचा नंतर. ही पद्धत अमेरिकेतले डॉक्टर डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली मांडली. तुमच्यात ३ जास्त आणि ४ कमी. ४+३ ची बेरीजही ७च होते, पण तो आजार तुमच्याहून चिवट. म्हणून कुणी नुसतं 'सात आहे' म्हणालं तर पुरत नाही. नव्या रिपोर्टात ग्रेड ग्रुपही लिहितात, तुमचा पाचांपैकी दुसरा असणार. त्याखाली '४ चं प्रमाण इतके टक्के' अशी ओळ असते, ती शोधा. हे प्रमाण अगदी थोडं असेल तर काही निवडक रुग्णांना लगेच उपचार न करता नुसतं लक्ष ठेवण्याचा मार्गही मिळतो: ठरावीक महिन्यांनी पीएसए, मधून एमआरआय, गरज पडली तर पुन्हा बायप्सी. तुम्हाला तो लागू आहे का, हे दोन्ही डॉक्टरांना विचारा. तुमच्या पत्रात तिसऱ्या वाटेचा उल्लेखच नाही, म्हणजे कुणी तो काढला नसावा.

ब्रिटनमध्ये यावर मोठा अभ्यास झाला. १९९९ ते २००९ या काळातल्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं: लक्ष ठेवणं, ऑपरेशन आणि रेडिएशन. १५ वर्षांनंतरचे आकडे २०२३ साली आले. या कॅन्सरने दगावलेले लोक तिन्ही गटांत मिळून शंभरात तीनसुद्धा नव्हते, आणि गटागटांत म्हणावा असा फरक नव्हता. आजार इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र नुसतं लक्ष ठेवलेल्यांत सव्वानऊ टक्क्यांच्या वर होतं, बाकी दोन्हींत पाचच्या आसपास. त्यातल्या बहुतेकांचा आजार तुमच्याहून थोडा सौम्य होता हे ध्यानात ठेवून हे वाचा. तरी ऑपरेशन की रेडिएशन या प्रश्नावर जगणं-मरणं टांगलेलं नाही, एवढं त्यातून कळतं. मग प्रश्न उरतो तो पुढची वर्षं कशी जातील याचा.

तिथे दोन्हींत फरक आहे. त्याच अभ्यासात ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी शंभरातले ४६ जण लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७. रेडिएशनवाल्यांत हे प्रमाण शंभरात पाचच्या पलीकडे गेलं नाही. उलट रेडिएशननंतर शौचाच्या तक्रारी येतात: घाई होणं, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी रक्त पडणं. लैंगिक संबंधाला पुरेसा ताठरपणा उपचाराआधी ६७ टक्क्यांना होता. सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांत तो १२ टक्क्यांना उरला, रेडिएशनवाल्यांत २२. हे आकडे मी वॉर्डात कुणाला सांगितलेले नाहीत, कारण विचारलंच जात नसे. ऑपरेशनआधी किती पुरुषांनी मला हा प्रश्न केला असेल? हाताच्या बोटांवर मोजता येतील. ऑपरेशननंतर मात्र ड्रेसिंग करताना, बायको चहा आणायला गेलीय असं बघून, हळूच विचारायचे. तेव्हा माझ्याकडे सांगायला फारसं काही उरलेलं नसायचं. तुम्ही आधी विचारा, आणि वहिनींना शेजारी बसवून विचारा.

तुमच्या पत्रात स्कॅन आहे, आकडे आहेत, मुलगा आहे, मेहुणे आहेत, पण लघवी कशी होते ते कुठेच नाही. रात्री किती वेळा उठता? धार बारीक झालीय का? कुंथावं लागतं का? प्रोस्टेटचं आकारमान किती? निवड बरीचशी यावर ठरते. ग्रंथी मोठी आणि लघवी अडखळत असेल तर रेडिएशनने ती तक्रार काही काळ वाढू शकते. मग ऑपरेशनचं पारडं जड होतं, कारण अडथळाच निघून जातो. आतड्याचा जुना दाह असेल तरी रेडिएशनला डॉक्टर कचरतात. याउलट हृदयाचं दुखणं असेल, भूल धोक्याची असेल, तर रेडिएशन बरं. आणखी एक: ऑपरेशननंतर पीएसए पुन्हा चढला तर रेडिएशन देता येतं. रेडिएशननंतर ऑपरेशन करणं फार अवघड, ते मोजकेच सर्जन करतात.

रेडिएशन म्हणजे २० दिवस नुसतं जाऊन येणं, असं समजू नका. आठवड्याला पाच, म्हणजे चार आठवडे. रोज पोट साफ आणि मूत्राशय भरलेलं लागतं. तिथे पोचल्यावर लघवी करायची, ठरलेलं पाणी प्यायचं आणि आपला नंबर येईपर्यंत धरून बसायचं. मशीन तासभर रखडलं की काय हाल होतात ते मी बघितलंय. सोबत हार्मोनची इंजेक्शनं देणार का, किती महिने, हेही आधीच विचारा. त्यांनी अंगातून वाफा येतात, थकवा येतो, स्नायू सैल पडतात. टेकडी चढणाऱ्याला ते जाणवतंच.

रोबोटबद्दल मुलाला सांगा की मशीन स्वतः ऑपरेशन करत नाही, सर्जनच शेजारच्या कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतात. रक्त कमी जातं, घरी लवकर सोडतात, हे खरं. पण ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला खुल्या आणि रोबोटिक ऑपरेशनची थेट तुलना झाली, त्यात दोन वर्षांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्हीकडे सारखीच निघाली. हात कुणाचा हे महत्त्वाचं. गेल्या वर्षी तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशनं केलीत, त्यातले किती जण वर्षानंतर पॅडशिवाय आहेत, आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या, ताठरपणा देणाऱ्या नसा वाचवता येतील का, हे सर्जनना सरळ विचारा. उत्तरात नेमका आकडा येतो की 'काळजी करू नका' येतं, तिकडे लक्ष द्या.

मेहुण्यांचं म्हणणं मी प्रेमातून आलेलं समजते, पण सुरी लागून हा कॅन्सर पसरत नाही. काढा घेत असलात तर भूलतज्ज्ञांना तो दाखवा, लपवू नका.

आणि निर्णयाआधी एक काम करा. बायप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. ते तुमचेच आहेत. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घ्या. बार्शीचे एक शेतकरी मला आठवतात, काचा वर्तमानपत्रात गुंडाळून पेढ्याच्या खोक्यात घालून आणलेल्या, खोक्याला दोऱ्याच्या चार गाठी. इथे ३+४ लिहिलेलं, दुसरीकडे ३+३ वाचलं गेलं, आणि ऑपरेशनसाठी आलेला माणूस नुसतं लक्ष ठेवायचं ठरवून एसटीने परत गेला. उलटही होतं, आकडा वाढतोही. परळच्या टाटा मेमोरियलला जायचं तर सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडून दादरला उतरा, पण दिवस हाताशी मोकळा ठेवून जा, तिथे वेळ लागतो.

पैशाचं थोडक्यात: पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा आणि रोबोटिकसाठी वेगळी मर्यादा आहे का, हे दाखल होण्याआधी वाचा. खोली मर्यादेबाहेरची घेतली की बाकीच्या बिलालाही कात्री लागते. विमा नसलेल्या वाचकांनी राज्य सरकारच्या महात्मा फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटावं. या योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं.

माझ्या थोरल्या दिरांचा आकडा तुमचाच होता, ३+४, वय ६४. त्यांनी ऑपरेशन घेतलं, कारण 'आत काहीतरी आहे' या विचाराने त्यांना कधीच झोप लागली नसती. वॉर्डातल्या एका मास्तरांनी त्याच आकड्यावर रेडिएशन घेतलं, कारण त्यांना कीर्तनाला तासन् तास उभं राहायचं होतं आणि पॅडची कल्पना सहन होत नव्हती. दोघांचंही मला पटलं. सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर दोघांनाही एकदा शांतपणे भेटा, वरचे लघवीचे प्रश्न लिहून न्या, मग ठरवा.

प्रश्न: धायरीहून लिहिते. मिस्टरांचं (वय ६१) प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. पीएसए ०.१ च्या खाली आला, डॉक्टर खूश आहेत. पण दिवसाला तीन पॅड लागतात. पाणी प्यायचं सोडलंय, भजनाला जात नाहीत, पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे तर म्हणतात तुम्ही जा. सारखी चिडचिड. आमचं बाकीचं आयुष्य आता संपलं का, हेही मला कुणाला विचारता येत नाही.

ताई, चार महिन्यांना तीन पॅड ही सुधारणेच्या वाटेवरची अवस्था आहे. ताबा पहिल्या वर्षभर सुधारत राहतो. प्रोस्टेट काढताना लघवी अडवणारी एक झडप जाते. दुसरी, खालच्या स्नायूंची, तिला आता दोघींचं काम एकटीने शिकायचं असतं.

माझ्या दिरांची गोष्ट सांगते, कारण तुमच्या घरात तीच चाललीय असं वाटलं. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची नावं होती, व्यायामाचा एक शब्द नव्हता. ते दुसऱ्या रुग्णालयात होते आणि मी तेव्हा गावी होते. लघवीची नळी दहाव्या दिवशी निघाली आणि रिक्षात बसेपर्यंत पँट ओली. माणूस घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. पंधरा दिवस खोलीबाहेर आले नाहीत.

मी गेले ती बोहरी आळीतून एक छोटा काटा घेऊनच. कोरडं पॅड तोलायचं, ओलं तोलायचं, फरक लिहायचा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर त्यांनी बँकेच्या पासबुकासारख्या रकान्यात ते लिहायला घेतलं. पहिला दिवस ४१० ग्रॅम. दुसऱ्या महिन्याअखेर २३०. मग तीन आठवडे आकडा हललाच नाही, तेव्हा त्यांनी काटा माळ्यावर टाकला आणि जाऊबाईंनी तो परत काढला. चौथ्या महिन्यात १२०, सातव्यात १५. पॅड तेव्हाही एकच लागायचं. संख्या दिवसेंदिवस तीच राहते म्हणून माणूस खचतो, वजन मात्र उतरत असतं. तुमच्याकडे आज काय आकडा आहे, तो बघा.

व्यायाम बरोबर होतोय का, हे त्यांना आरशासमोर उभं राहून बघू दे. गॅस अडवताना जसं आत ओढतो तसं ओढायचं. बरोबर झालं तर लिंगाचं मूळ किंचित आत जातं आणि वृषण थोडे वर उचलले जातात. पोट, मांड्या, नितंब घट्ट होत असतील किंवा श्वास रोखला जात असेल, तर चुकतंय. पाच-सहा सेकंद धरायचं, तेवढंच सैल सोडायचं, दहा वेळा. हळूहळू धरणं दहा सेकंदांवर न्यायचं. दिवसातून तीनदा: झोपून, बसून, उभं राहून. सैल सोडणं तितकंच महत्त्वाचं, दमलेला स्नायू संध्याकाळी गळतोच. लघवी चालू असताना धार थांबवण्याची सवय मात्र लावू नका. आणि खुर्चीतून उठण्याआधी, शिंकेआधी, पिशवी उचलण्याआधी एकदा घट्ट करायचं. दिवसभरातली निम्मी गळती याच क्षणांची असते, असं माझ्या बघण्यात आहे. पेल्विक फ्लोअरचे (ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचे) व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीनदा न्या, पुण्यात आता मिळतात.

पाणी सोडणं सगळ्यात वाईट. लघवी घट्ट, पिवळीधमक झाली की मूत्राशयाला चुरचुरते आणि घाई आणखी वाढते. दिवसा नेहमीसारखं पाणी, रात्री जेवणानंतर कमी. चहाचे कप मोजा, तिथे कपात करा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्याने खालच्या स्नायूंवर ताण येतो. रात्री इसबगोल घेतलं तरी चालेल. जांघेत लाल झालं असेल तर धुऊन पूर्ण कोरडं करून डॉक्टरांनी दिलेलं मलम, नुसती पावडर टाकत राहू नका.

लग्नाला न्या. गडद रंगाची पँट, वर लांब कुडता, पर्समध्ये तुमच्याजवळ दोन पॅड आणि एक जाड पिशवी. कार्यालयात पोचल्या पोचल्या स्वच्छतागृह कुठे ते बघून ठेवा आणि त्या बाजूच्या खुर्च्या धरा. वास येत असेल ही भीती त्यांच्या मनात असणार, तोंडाने बोलणार नाहीत. पॅड वेळेवर बदललं तर येत नाही, हे तुम्हीच सांगा. तुम्ही सांगितलेलं ते मानतील.

वर्ष उलटूनही रोज भिजत असेल तर त्यावर ऑपरेशनं आहेत, आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम झडप. तो विचार आज नको. मध्येच धार बारीक झाली, थेंब थेंब होऊ लागलं किंवा ताप आला, तर मात्र न थांबता दाखवा. ऑपरेशनमध्ये मूत्राशय आणि मूत्रमार्ग जोडतात, त्या जोडावर व्रण आकसून वाट अरुंद होऊ शकते.

आता तुम्ही शेवटी लिहिलेली ओळ. संपलेलं नाही, ताई. नसा वाचवल्या असतील तर त्या जाग्या व्हायला दीड-दोन वर्षं लागू शकतात. यासाठी गोळ्या आहेत, आणि डॉक्टर त्या मुद्दाम लवकर सुरू करतात. पण हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल तर या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत, रक्तदाब एकदम कोसळतो. गोळीने भागलं नाही तर पंप आहे, इंजेक्शन आहे. ताठरपणा नसतानाही सुखाची जाणीव राहते, फक्त वीर्य येत नाही. हे त्यांना कुणी सांगितलंच नसेल तर ते स्वतःला मोडलेले समजत असतील. पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर तुम्ही विषय काढा. तुम्ही बोललात म्हणजे त्यांची सुटका होईल. तोवर रात्री हात हातात घेऊन झोपा. तुम्हाला वेगळ्या खोलीत ढकलत असतील तर जाऊ नका.

प्रश्न: वय ४६, हिंजवडीत नोकरी. वडिलांना आणि काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. मी आत्ता पीएसए करावा का? त्रास काही नाही. शनिवार-रविवार सायकलिंग करतो.

करावा, डॉक्टरांशी बोलून. वडील किंवा भाऊ यांना हा आजार असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, तुमच्याकडे तर दोघे आहेत. अशा घरात पंचेचाळिशीच्या सुमारास हा विषय काढायचा असतो. आई-मावशीकडे स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालाय का, तेही सांगा. बीआरसीए-२ नावाचं जनुक दोन्हीकडे गडबड करतं आणि ते आईकडूनही येतं.

रक्त सोमवारी सकाळी देऊ नका. लांबची सायकल आणि वीर्यपतन, दोन्हींनी पीएसए तात्पुरता वाढू शकतो, म्हणून आधीचे दोन दिवस दोन्ही टाळा. लघवीला जळजळ असेल तर ती बरी होऊन काही आठवडे जाऊ द्या. एकदा आकडा जास्त आला म्हणून घाबरून बायप्सीला धावू नका, त्याच लॅबमध्ये पुन्हा करा.

आणि केस गळतात म्हणून फिनास्टेराइड घेत असाल, तुमच्या वयाचे बरेच जण घेतात, तर ते आधी सांगा. त्या गोळीने काही महिन्यांत पीएसए जवळपास निम्म्यावर येतो. कागदावर दीड दिसतो तेव्हा तो तीन समजून वाचायचा असतो. लॅबच्या फॉर्मवर चालू औषधांचा रकाना असतो, त्यात गोळीचं नाव लिहा.